दुसऱ्याची रेषा, आपला रंग

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अकबरनाम्याची ११६ चित्रं जपून ठेवलेली आहेत. अकबराच्या चित्रशाळेत ती सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तयार झाली. त्यांतल्या बऱ्याच चित्रांखाली, समासात, दरबारच्या कारकुनाने लाल शाईने बारीक नोंद केली आहे : रेखाटन कोणाचं आणि रंगकाम कोणाचं. यमुनेवरच्या नावांच्या पुलावर हवाई नावाचा मस्तवाल हत्ती पिटाळणारा तरुण अकबर हे त्यांतलं फार गाजलेलं चित्र. त्याची रेषा बसावनची, रंग चतरचे. रेषा काढणारा मोठा उस्ताद होता, तरी रंग भरणाऱ्याचं नाव दप्तरातून गळलं नाही. अकबरनामा लिहिणारा अबुल फजल १६०२ साली दख्खनेतून आग्र्याकडे परतताना वाटेत मारला गेला. त्याची कबर आंतरीला आहे. ग्वाल्हेरहून रेल्वेने झाशीकडे निघालं की थोड्याच वेळात हे गाव लागतं.

रंग भरण्याच्या सवयीचा माग काढताना मला हे आंतरी गाव महत्त्वाचं वाटतं, कारण रंग भरणाऱ्याचं नाव जपणाऱ्या ग्रंथाचा लेखक तिथे आहे. मोठ्या माणसाने तयार चित्रात रंग भरत बसावं, हे आज अनेकांना परदेशातून आलेलं खूळ वाटतं. पोरांचा उद्योग मोठ्यांनी का करावा, असं काही जण विचारतात. चित्रकलेची जाण असलेले तर आणखी नाक मुरडतात : रेषाच दुसऱ्याची असेल तर त्यात तुमचं काय? हे दोन्ही आक्षेप अलीकडचे आहेत. दुसऱ्याने आखलेल्या रेषेत मन लावून रंग भरणं ही आपल्याकडे प्रतिष्ठेची कारागिरी होती, आणि घराघरांतली रोजची रीतही होती.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिराच्या बाहेरच्या भिंतीपाशी उभं राहिलं तरी हे लक्षात येतं. राजा मानसिंह तोमराने १४८६ ते १५१६ या आपल्या कारकिर्दीत हा वाडा बांधला. निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकचकीत फरश्यांचे तुकडे दगडात बसवून हंसांच्या रांगा, हत्ती, मगरी आणि केळीची झाडं केलेली आहेत. १५२८ साली बाबर इथे आला तेव्हा या हिरव्या केळींची त्याने आपल्या आठवणींत मुद्दाम दखल घेतली. उन्हाने, पावसाने पुष्कळ तुकडे गळून गेले, तरी उरलेला निळा अजून डोळ्यांत भरतो. दगडात हंसाची जागा एकाने कोरली असेल, तिच्यात रंगाचा तुकडा दुसऱ्याने बसवला असेल. आपल्याला दिसतो तो एकच हंस.

आता घरांकडे येऊ. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात धूलिचित्राचा, म्हणजे पुडीने जमिनीवर काढायच्या चित्राचा, वेगळा उल्लेख आहे. आपली रांगोळी त्याच कुळातली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला, त्या छावणीचंच लष्कर नावाचं शहर झालं. पाटणकर बाजार, फाळके बाजार, शितोळ्यांचा बाडा, आंग्र्यांचा बाजार, अशी सरदारांची नावं गल्ल्यांना चिकटली ती कायमची. त्या सरदारांच्या, कारकुनांच्या, भिक्षुकांच्या बायकांनी आपल्याबरोबर रांगोळीचा डबाही आणला. त्याच लष्करात चितेरा ओळी नावाची गल्ली आहे. चितेरे म्हणजे भिंतीवर चित्रं काढणारे कारागीर. घरात लग्न निघालं की त्यांना बोलावणं जाई, आणि दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, घोडे, कलश घेतलेल्या स्त्रिया आणि वर गणपती अशी सजावट उभी राही. चितेऱ्याचं काम प्रसंगाचं, मोबदल्याचं आणि टिकवायचं. उंबऱ्याबाहेरची रांगोळी मात्र रोजची, घरच्याच हातांची आणि दुसऱ्या दिवशी पुसून जाणारी. दोन्ही कला एकाच गल्लीत नांदल्या, पण मनाला शांत करणारी सवय म्हणून मला दुसरीच मोलाची वाटते.

तिचं सगळ्यांत भरलेलं रूप म्हणजे चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. तो महिनाभर अंगणात रोज सकाळी हे आंगण काढायचं. सारवलेली जमीन आता फारशी उरली नाही, म्हणून गेरूने रंगवलेला पाट किंवा काळी फरशी घेतात. रांगोळीची पूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. हात जमिनीलगत ठेवला तर रेघ बारीक पडते, थोडा उचलला की पसरते. मनगट घाबरलं की तुटते. वर मखर, त्यात झोपाळ्यावर गौर. मग सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, आरसा, फणी, करंडा. चिन्हं ठरलेली. बाईच्या संसाराचं आणि तिच्या श्रद्धेचं सगळं जग त्या चौकटीत बसवायचं. आणि सगळं काढून झालं की शेवटी रंग : प्रत्येक चिन्हावर हळदीची एक चिमूट, कुंकवाची एक चिमूट. पांढऱ्या रेघांच्या गर्दीत हे दोन रंग पडले की आंगण जागं होतं. घरातल्या लहान मुलीला पहिलं काम मिळतं ते हेच. रेघ मोठ्यांची, चिमूट तिची. चार-पाच वर्षांनी हात बसला की तिला कोपऱ्यातली गोपद्मं काढायला देतात.

गोपद्मांचं तर स्वतंत्र व्रतच आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध द्वादशीपर्यंत रोज ३३ गोपद्मं, अशी पाच वर्षं. एका चातुर्मासात सुमारे ४,००० होतात. गाईच्या खुराचा तोच आकार, त्याच ओळी, तीच वेळ. व्रताचं फळ पुण्य म्हणून सांगितलं, आणि त्या बायकांची श्रद्धा मी कमी लेखणार नाही. पण दिवसातला तेवढा वेळ तिला कोणी हाक मारत नसे, हेही खरं. भरल्या घरातल्या बाईला हक्काचं एकटेपण मिळायचं, तेही देवाच्या नावाने, म्हणजे कोणाला हरकत घेता न येणारं.

दूर युरोपात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला स्वित्झर्लंडमध्ये नजरकैदेतल्या इंग्रज सैनिकांच्या छावणीचा अधिकारी होता. तिथे तो रोज सकाळी वहीत एक लहानसं वर्तुळाकार चित्र काढी. त्या दिवशी मनाची जी स्थिती असेल ती त्यात उतरते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे मानसशास्त्रात मंडलांचा, म्हणजे अशा वर्तुळाकार चित्रांचा, एवढा बोलबाला झाला तो तिथून. वहीची सकाळ आणि पाटावरची सकाळ यांत मला फार अंतर दिसत नाही. त्याने अर्थ शोधला, आपल्या आज्यांनी शोधला नाही, एवढंच.

छापील पुस्तकांचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यात एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. रंगवायच्या पुस्तकांतलं अगदी सुरुवातीचं, रॉबर्ट सेयरचं ‘द फ्लोरिस्ट’, १७६० साली लंडनमध्ये निघालं ते मोठ्या स्त्री-पुरुषांसाठी. फुलांच्या बाह्यरेषा आणि कुठे कोणता रंग द्यावा याच्या सूचना. मुलांची पुस्तकं शंभरेक वर्षांनी आली. अमेरिकेत मॅक्लॉफ्लिन ब्रदर्सने १८८० च्या आसपास त्यांचा धंदा जमवला. १९०३ साली ‘क्रेयोला’ मेणाचे खडू आले आणि रंग स्वस्त झाले. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा कारखाना काढला. पुढे त्याच कारखान्याचे, म्हणजे कॅम्लिनचे, उंटाची खूण असलेले खडू आणि रंगपेट्या मराठी घरांत पोहोचल्या. २०१३ साली जोहाना बॅसफर्डचं ‘सीक्रेट गार्डन’ निघालं, त्याच्या लाखो प्रती खपल्या, आणि जगाला वाटलं की मोठ्यांनी रंग भरणं हा नवा शोध आहे. मोठ्यांची गोष्ट फिरून मोठ्यांकडे आली होती.

मधल्या काळात मात्र या सवयीचं एक नुकसान झालं, आणि ते पुस्तकांनी केलं नाही, स्पर्धांनी केलं. गणेशोत्सवात रंगभरण स्पर्धा, शाळेत रंगभरण स्पर्धा, वयोगट अ, वयोगट ब, तासाभराची वेळ, शेवटी परीक्षक. ‘रेषेबाहेर जाऊ नकोस’ हे वाक्य मुलाच्या कानावर इतक्या वेळा पडतं की पाचवी-सहावीत ते स्वतःच ठरवून टाकतं : मला चित्रकला येत नाही. मग खडूंची पेटी माळ्यावर जाते आणि पन्नास वर्षं खाली येत नाही. पाटावरच्या रांगोळीला परीक्षक नव्हता. रेघ चुकली की ओल्या फडक्याने पुसायची, संध्याकाळी तर सगळीच विस्कटणार. चुकायला मोकळीक होती म्हणून ती रोज होत राहिली.

दुसऱ्याची रेषा गिरवण्यात कमीपणा नाही, याचा पुरावा ग्वाल्हेरमध्येच आहे. बाघची लेणी आज धार जिल्ह्यात असली तरी तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होती. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली ही चित्रं ओलीने, धुराने आणि दगड ढासळून नाहीशी होत चालली होती. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या काळात १९२१ साली त्यांच्या नकला करवून घेण्यात आल्या. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर आले. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांत आपटे, भांड, भोसले, जगताप ही आपली नावंही आहेत. आधुनिक भारतीय कलेतला इतका मोठा माणूस, नंदलाल, अंधाऱ्या लेण्यात बसून चौदा-पंधरा शतकांपूर्वीच्या अनामिक चित्रकाराची रेषा उतरवत होता आणि ती त्याच्याच रंगांनी भरत होता. १९२७ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने या लेण्यांवर ग्रंथ काढला, त्यात गर्द्यांचंही लेखन आहे. नकला किल्ल्याच्या पायथ्याच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात आहेत. लोक शालभंजिकेची मूर्ती पाहायला जातात आणि या चित्रांवरून पटकन पुढे सरकतात. तिथे थोडं थांबावं. तोंड झाकून रडणारी एक स्त्री आणि तिची समजूत घालणारी सखी, टिपऱ्या घेऊन फेर धरलेल्या नर्तकी, हत्ती-घोड्यांची मिरवणूक. मूळ चित्रं पुढे आणखी झिजली, त्यामुळे तेव्हाच्या बाघचे रंग समजायला या नकलांचाच मोठा आधार आहे.

रंग भरल्याने मनाला खरंच स्वस्थता मिळते का, यावर अभ्यास झालेले आहेत. २००५ साली अमेरिकेत करी आणि कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी एका भीतिदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं आणि मग वीस मिनिटं रंग दिले. काहींना मंडल, काहींना उभ्या-आडव्या चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची अस्वस्थता चांगली उतरली. कोऱ्या कागदावाल्यांची तशी उतरली नाही. एवढ्याशा प्रयोगावर इमारत उभारू नये, आणि नैराश्यावर रंगपेटी हे औषध नव्हे, तिथे डॉक्टरच हवा. पण थकलेल्या माणसापुढे कोरा कागद ठेवला की त्याला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, आखलेली रेषा तो भार उचलते, हे मला पटतं. चैत्रांगणातली चिन्हं ठरलेली असतात ती याचसाठी उपयोगी पडत असावीत.

ही सवय घरात पुन्हा लावायची तर महागड्या पुस्तकांची गरज नाही. चैत्रांगणातलं एकेक चिन्ह वहीच्या पानावर मोठं काढून ठेवावं. कासव, कमळ, हत्ती ही रंगवायला उत्तम. मानमंदिराच्या हंसांचा फोटो समोर ठेवून बाह्यरेषा उतरवता येते. वेळ ठरलेली हवी, जागा ठरलेली हवी आणि रंग हाताशी उघडे असावेत, कारण कपाटातून काढायचे म्हटलं की राहून जातं. शाळकरी मुलाला सहा खडू पुरे, त्याला रंग मिसळून पाहू द्यावेत आणि त्याच्या आकाशाचा रंग दुरुस्त करायला जाऊ नये. कामावरून आलेल्याने चित्र पुरं करण्याचा हट्ट धरू नये. एक पाकळी झाली तरी त्या दिवसाचं झालं. पान भरलं की फोटो काढून घरच्या गटावर टाकायची घाई नको, कौतुकाची वाट पाहायला लागलं की परीक्षक परत आलाच.

आणि ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी पेन्सिल नको. जाड मेणाचा खडू, मोठा आकार, ठळक रेघ, आणि कागद पाटाला चिकटपट्टीने चारही कोपऱ्यांत पक्का केलेला, म्हणजे तो धरायला दुसरा हात लागत नाही. उजेड डाव्या खांद्यावरून यावा, डावखुरा असेल तर उजव्या. रंग रेषेबाहेर गेला तर जाऊ द्यावा.