खाते, पहणी, भोग्य : जयनगरच्या घरखरेदीतील मराठी-कन्नड कागदभाषा

बंगळूर शहराचा मराठी सत्तेशी असलेला संबंध एका खरेदीविक्रीच्या व्यवहाराने संपला. विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये केंपेगौडांच्या वंशजांकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. पुढे ते व्यंकोजीराजांकडे राहिले. व्यंकोजींची गादी तंजावरला स्थिरावल्यावर दूरचे बंगळूर सांभाळणे जड जाऊ लागले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना ते तीन लाख रुपयांना देण्याची बोलणी झाली. परंतु व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, १६८७ मध्ये, कासिमखानाच्या मोगल फौजेने शहराचा ताबा घेतला. म्हैसूरकरांना ते अखेर मोगलांकडून मिळवावे लागले. किंमत एकाशी ठरली, ताबा दुसऱ्याकडे गेला आणि हक्क तिसऱ्याच मार्गाने पदरात पडला.

राजकीय इतिहासात हा प्रसंग सत्तांतराचा म्हणून नोंदला जातो. प्रस्तुत निबंधात त्याच्याकडे मिळकतीच्या व्यवहाराचा प्रसंग म्हणून पाहावयाचे आहे. किंमत, ताबा, नोंद आणि हक्क या चार गोष्टी एकमेकींहून भिन्न आहेत. कागदाची भाषा मात्र त्या एकच असल्याचा भास निर्माण करते. बंगळूरच्या दक्षिणेकडील जयनगर या वसाहतीत घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाला हा भास अधिक होतो, कारण तेथील कागदांवरचे निम्मे शब्द त्याला आपलेच वाटतात. शब्द ओळखीचा आणि अर्थ अनोळखी, अशी ही स्थिती आहे. भाषांतरमीमांसेत ज्यांना फसवे समरूप शब्द म्हटले जाते, त्यांचा अभ्यास बहुधा साहित्यकृतींच्या आधारे होतो. येथे त्यांच्यावर माणसाचे राहते घर अवलंबून असते.

हे शब्दसाम्य आकस्मिक नाही. आदिलशाही अंमलात महसुलाची फारसी परिभाषा मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत रुजली. भोसल्यांच्या जहागिरीत मोडी दप्तर दक्षिणेत पोहोचले. एकोणिसाव्या शतकात याला नवे बळ मिळाले. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ मध्ये आरंभ झालेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने निश्चित झालेली मुंबई इलाख्याची मोजणी व जमाबंदीची पद्धत १८६३ मध्ये म्हैसूर संस्थानात लागू करण्यात आली. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या धर्तीवर म्हैसूरची १८८८ ची संहिता तयार झाली. पद्धतीबरोबर शब्दही गेले. हिस्सा, खराब, दुरुस्ती, हक्क, करार हे शब्द कर्नाटकाच्या महसुली दप्तरात आजही नांदत आहेत.

मात्र शब्द सीमा ओलांडतो तेव्हा त्याचा अर्थ त्याच्याबरोबर संपूर्ण येतोच असे नाही. मराठीत ‘पाहणी’ ही क्रिया आहे. तलाठी पिकांची पाहणी करतो. कन्नडमध्ये ‘पहणी’ हे त्या क्रियेतून निर्माण होणाऱ्या कागदाचे नाव झाले. आपल्या सातबारा उताऱ्याचे स्थान तेथे पहणीला आहे. मराठी न्यायालयीन व्यवहारात ‘दरखास्त’ म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला अर्ज. कर्नाटकात ‘दरखास्तु’ म्हणजे सरकारी जमीन मिळावी म्हणून केलेली मागणी. जमिनीचे मूळ दरखास्तीत आहे असे विक्रेत्याने सांगितले, तर मराठी वाचकाला ती न्यायालयाच्या हुकुमाने मिळाली असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती सरकारने अटींवर दिलेली जमीन असते, आणि त्या अटी पाळल्या गेल्या की नाही यावर पुढच्या सर्व विक्रींची वैधता ठरते. ‘चक्कुबंदी’ हा शब्द चकबंदीसारखा, म्हणजे जमिनीच्या एकत्रीकरणासारखा वाटतो. कन्नड खरेदीपत्रात मात्र तो मिळकतीच्या चतुःसीमांसाठी येतो.

‘भोग्य’ या शब्दाची कथा याहून जुनी आहे. धर्मशास्त्रात आधीचे, म्हणजे तारण ठेवलेल्या वस्तूचे, गोप्य आणि भोग्य असे दोन प्रकार सांगितले आहेत : पहिला केवळ जपून ठेवावयाचा, दुसरा उपभोगावयाचा. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिल्या गेलेल्या मिताक्षरेत या विषयाचा ऊहापोह आहे. बंगळूरमध्ये ‘भोग्य’ आजही जिवंत आहे. घरमालक मोठी रक्कम एकदम घेतो, राहणारा भाडे देत नाही आणि मुदत संपल्यावर रक्कम परत घेऊन घर सोडतो. मराठीत त्याच धातूपासून ‘भोगवटा’ आला. भोगवटादार हा जमिनीचा धारक आणि भोगवटा प्रमाणपत्र हा इमारत वापरण्याचा पालिकेचा परवाना. हे घर भोग्याला दिले आहे असे ऐकून ज्याला भोगवटा प्रमाणपत्राची आठवण होईल, तो घराबरोबर एक देणेही विकत घेत आहे हे त्याच्या ध्यानात येणार नाही. उलट बाजूने पाहता, भोग्याने राहणाऱ्याचा करार एक वर्षाहून अधिक मुदतीचा असून नोंदविलेला नसेल, आणि घर आधीच बँकेकडे गहाण असेल, तर त्याने दिलेली रक्कम संकटात येते.

आता प्रत्यक्ष जयनगरकडे वळू. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधारणा न्यास मंडळाच्या काळात ही वसाहत उभी राहिली. तिची पायाभरणी १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली, आणि तेथील अशोक स्तंभ त्या घटनेची खूण म्हणून उभा आहे. या मंडळाचे कार्य १९७६ च्या अधिनियमान्वये बंगळूर विकास प्राधिकरणाकडे गेले. जयनगरचा लौकिक आखीव वसाहतीचा आहे. परंतु आखणी कोऱ्या जागेवर झाली नव्हती. भैरसंद्र, सिद्धापुर, यडियूर यांसारखी गावे आधीपासून तेथे होती, आणि ती वसाहतीच्या कुशीत वा कडेला टिकून राहिली. त्यामुळे एका रस्त्यावरच्या घराचे मूळ न्यासाच्या वाटपपत्रात सापडते, तर पलीकडच्या गल्लीतील घराचे मूळ गावठाणाच्या वा महसुली जमिनीच्या कागदात शोधावे लागते. पत्ता दोघांचा जयनगरचाच असतो.

वाटप झालेल्या भूखंडाचाही मालक लगेच मालक होत नसे. भाडेपट्टा-सह-विक्री करार हा त्याचा पहिला कागद. १९८४ च्या वाटप नियमांनुसार भूखंडधारक दहा वर्षे भाडेपट्टेदार असतो. अटी पाळल्यानंतर त्याच्या नावे खरेदीखत होते. मधल्या काळात भूखंड विकण्यास मनाई होती, पण पैशाची गरज नियमासाठी थांबत नाही. म्हणून विक्री न म्हणता विक्री करण्याची रीत पडली : एक साठेखत, एक कुलमुखत्यारपत्र आणि जोडीला एक मृत्युपत्र. तिन्ही कागद वेगवेगळे वाचले तर निर्दोष. एकत्र वाचले तर त्यांतून टाळलेली विक्री दिसते. सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशा कागदांनी स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदविलेले खरेदीखतच हवे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५४ मध्ये हे तत्त्व पूर्वीपासूनच होते.

यापुढचा आणि सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘खाते’. मराठीत खातेदार म्हटला की जमिनीचा धनी डोळ्यांसमोर येतो. बंगळूरमध्ये खाते ही पालिकेच्या करआकारणीची नोंद आहे : या मिळकतीचा कर कोणाकडून घ्यावयाचा, एवढेच ती सांगते. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे. महसुली नोंदी तेवढ्या विरुद्ध पुरावा येईपर्यंत खऱ्या मानल्या जातात. हे गृहीतक महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेत आणि कर्नाटकाच्या १९६४ च्या अधिनियमात सारखेच आहे. बंगळूरमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ असे भेद पडल्याने गोंधळ वाढला. नियमबाह्य मिळकतींकडून कर घेता यावा म्हणून ठेवलेल्या वेगळ्या वहीला लोकांनी ‘बी-खाते’ म्हटले आणि तेही खातेच ठरले. कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०८-अ मध्ये नमूद आहे. पण करपावतीवर आपले नाव वाचणाऱ्याला कलम आठवत नाही.

अनियमिताला नियमित करण्याचे प्रयत्न दोन्ही राज्यांत झाले. महाराष्ट्राने २००१ मध्ये गुंठेवारी विकास अधिनियम केला. कर्नाटकातील योजना ‘अक्रम-सक्रम’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी २००७ मध्ये कायद्यात बदल झाला, २०१४ मध्ये नियम आले आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मराठी नाव जमिनीच्या मापावरून आले आहे, कन्नड नाव नीतिवाचक आहे. तिढा मात्र एकच, की घेणाऱ्याने किंमत पूर्ण दिलेली असते आणि हक्क अपुरा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून बंगळूरमध्ये मिळकतीच्या दस्तनोंदणीसाठी ई-खाते आवश्यक झाले. बी-नोंदींचे ए-खात्यात रूपांतर करण्याची योजनाही २०२५ मध्ये जाहीर झाली. नोंद संगणकावर आली तरी तिचे स्वरूप नोंदीचेच राहते. दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याला विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमासंबंधी सांगितले. अर्थात ती तपासणी घेणाऱ्याच्याच माथी येते.

या तपासणीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ‘पौती खाते’ हा कागद. पौती म्हणजे आपल्याकडची ‘फौती’. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांच्या नावे झालेली नोंद. न्यासाकडून भूखंड मिळविणारी पिढी आता बव्हंशी हयात नाही. वडिलांचे निधन झाले, पौती खाते मुलांच्या नावे झाले आणि मुलांनी घर विकावयास काढले, असा क्रम सर्रास दिसतो. कागद निर्वेध वाटतो. त्यात मुलींची नावे नसतात. वस्तुतः असा भूखंड ही बहुधा वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असते. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे तिच्यावर विधवा, माता, मुलगे आणि मुली यांचा समान हक्क पोहोचतो. वडिलोपार्जित मिळकतीत म्हैसूर संस्थानाने १९३३ मध्येच अविवाहित मुलींना मर्यादित वाटा दिला होता. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी १९९४ मध्ये मुलीला सहदायाद केले, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध ठरविला. तेव्हा पौती खात्यात नसलेली बहीण कायद्याच्या दृष्टीने घरातच असते. तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसताना घर घेणारा तिचा हिस्सा विकत घेऊ शकत नाही. येथे घेणाऱ्याचे हित आणि बहिणीचा न्याय एकाच कागदाशी येऊन मिळतात.

जुने बंगले पाडून सदनिका बांधण्याच्या आजच्या काळात आणखी एक विसंगती पुढे येते. महाराष्ट्राने १९६३ मध्ये सदनिका मालकी अधिनियम आणि १९७० मध्ये अपार्टमेंट मालकी अधिनियम केला. कर्नाटकाने १९७२ मध्ये दोन्ही विषयांवर त्याच वळणाचे कायदे केले. संहिता एका कुळातल्या, व्यवहार मात्र वेगळे झाले. महाराष्ट्रात जमीन अभिहस्तांतरणाने सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे जावी ही अपेक्षा. ती पुरी होईना म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावे लागले. बंगळूरमध्ये जमिनीतील अविभक्त हिस्सा सदनिकेच्या खरेदीपत्रातच घेणाऱ्याच्या नावे लिहिला जातो. पुणे-मुंबईच्या सवयीने जो संस्थेचे भागपत्र शोधेल आणि हा हिस्सा वाचणार नाही, तो आपल्या खरेदीचा गाभाच वाचावयाचे सोडून देईल.

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात आपण शब्दांच्या प्रवासाकडे बहुधा समृद्धीची खूण म्हणून पाहतो. जयनगरच्या कागदांवरून दिसते की हा प्रवास जबाबदारीही निर्माण करतो. सामायिक शब्दसंपदा ही सामायिक अर्थाची हमी नव्हे. खरेदीखत, खाते, पहणी, भोग्यपत्र हे प्रत्येकी स्वतंत्र लेखनप्रकार आहेत. कोण लिहितो, कोणाला उद्देशून आणि कशासाठी, हे प्रश्न त्यांनाही विचारावे लागतात. करवसुलीसाठी लिहिलेला मजकूर मालकीचा म्हणून वाचणे ही वाचनाचीच चूक आहे, आणि तिची किंमत एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या मिळकतीएवढी असू शकते. मराठी-कन्नड विधिपरिभाषेचा अर्थभेद दाखविणारा कोश तयार करणे हे म्हणूनच दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे काम आहे. त्याचा पहिला वाचक विद्यापीठाबाहेरचा असेल, ही त्याच्या उपयुक्ततेची खूणच मानावी लागेल.