इनामगावचे कोठार : घोड नदीकाठच्या धान्यसाठ्याची तीन हजार वर्षे

१/१५
शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाखाली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे धान्याचे कोठार सापडले. आज याच शिरूर-दौंड पट्ट्यात महामार्गांलगत पत्र्याची अवाढव्य गोदामे उभी राहत आहेत. साठवणीची इमारत ‘जबाबदारीने’ बांधणे म्हणजे काय, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या दोहोंमधल्या इतिहासात आहे.

२/१५
डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. वस्तीचे तीन कालखंड ठरले : माळवा (सुमारे इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे इतके सविस्तर चित्र देणारी स्थळे फार थोडी आहेत.

३/१५
पूर्व जोर्वे काळात वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागूनच कोठार. कोठारात जमिनीत खणलेली पेवे होती आणि मातीचे गोल ओटे होते. या ओट्यांवर कणग्या ठेवल्या जात. हे घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे आणि कोठारात गावाकडून करापोटी आलेले धान्य साठत असावे, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. म्हणजे इथे साठा एका कुटुंबाचा नव्हता. तो साऱ्या वस्तीचा होता.

४/१५
बांधकामातील शहाणपण पाहण्याजोगे आहे. पेवांना आतून चुन्याचा लेप होता. मोठे रांजण सपाट दगडांवर टेकवलेले असत. कणगी ओट्यावर ठेवायची, कारण ती जमिनीला टेकली की खालून ओल चढते, वाळवी लागते, उंदरांचे फावते. माती, कुड, गवत, चुना, दगड : सारे साहित्य आसपासचे. मोडलेले घर पुन्हा मातीतच मिसळत असे.

५/१५
कोठारामागे पाणी होते. इनामगावला पुराचे पाणी वळवणारा पाट आणि त्याला लागून दगडमातीचा बांध सापडला. सातू हे मुख्य पीक. त्याच्या जोडीला गहू, मसूर, हुलगा, वाटाणा. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा प्रदेश. इथे पाण्याची सोय झाल्यावरच साठवण्याइतके पीक हाती येते. पाट आणि कोठार ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

६/१५
इ.स.पू. १०००च्या सुमारास चित्र पालटले. चौकोनी, ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती मागे पडली, शिकार आणि पशुपालन वाढले. हवामान कोरडे होत गेल्याचा हा परिणाम, असे ढवळीकरांनी मांडले. इ.स.पू. ७००च्या सुमारास वस्ती उजाड झाली. कोठार एखादा वाईट हंगाम तारून नेते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अवर्षणापुढे त्याचे काही चालत नाही.

७/१५
वस्ती संपली, पण साठवणीची रीत संपली नाही. कणगी आणि पेव हे दोन्ही प्रकार देशावरच्या खेड्यांत अगदी विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिले. पेव म्हणजे अरुंद तोंडाचा आणि आत रुंदावत जाणारा खोल खड्डा. तळाला आणि कडेला कडबा-भुसा लावून त्यात ज्वारी भरत आणि तोंड दगडामातीने लिंपून टाकत.

८/१५
पेवाचे शास्त्र साधे आहे. बंद जागेत धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड गुदमरून मरते. औषधाची फवारणी लागत नाही. धोकाही तिथेच आहे. पेव उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस प्राणास मुकू शकतो. म्हणून तोंड उघडून ते काही काळ तसेच ठेवण्याचा आणि जळता दिवा आत सोडून पाहण्याचा दंडक असे. दिवा विझला तर उतरायचे नाही.

९/१५
पेवाला जागा मात्र अचूक लागते : उंचावरची, पाण्याचा निचरा होणारी, घट्ट मातीची. हा नियम किती कठोर आहे, ते भीमा खोऱ्याच्या बाहेर सांगलीजवळच्या हरिपूरने दाखवले. तिथली हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली इमारतही नदीच्या एका पुराने निकामी होऊ शकते.

१०/१५
पुन्हा भीमेकाठी येऊ. १८५८मध्ये लोहमार्ग पुण्याहून दौंडवरून दिक्सळपर्यंत पोहोचला. १८७८मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. आता शेतमालाला दूरची बाजारपेठ मिळाली. पीक गावात किती दिवस राहणार, हे केवळ गावच्या गरजेवर ठरेनासे झाले. दूरच्या पेठेतले भाव आणि शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज यांवरही ते ठरू लागले.

११/१५
१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. हे लोण शिरूरसह पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लोकांनी वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. धान्याची दुकाने लुटली. शेतकऱ्याचे पीक कोणाच्या ताब्यात जाणार, हे त्या कागदांवर लिहिलेले होते, म्हणून राग आधी कागदांवर निघाला.

१२/१५
पुढच्याच वर्षी, १८७६मध्ये, दुष्काळ सुरू झाला आणि तो १८७८पर्यंत चालला. कर्जात बुडालेल्या घराच्या कणगीत काय उरणार? १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने सावकारीला थोडा लगाम बसला. पण सुगीच्या वेळी पडत्या भावाने माल विकण्याची सक्ती संपली नाही. त्यासाठी शेतकऱ्याला विश्वासाचे कोठार हवे होते.

१३/१५
स्वातंत्र्यानंतर तो विचार कायद्यात उतरला. १९५६च्या कायद्याने वखार महामंडळांची वाट मोकळी केली. १९५७मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि आजचे महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ स्थापन झाले. माल वखारीत ठेवायचा, पावती घ्यायची आणि तिच्या तारणावर कर्ज उचलायचे. २००७च्या कायद्याने या पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचे बळ दिले. सुप्याच्या आगीत जळलेल्या कागदाने शेतकऱ्याला बांधून ठेवले होते. हा कागद त्याला भावाची वाट पाहू देतो.

१४/१५
बांधकामाची जुनी जाण आजही जिवंत आहे. शिरूर-दौंडच्या शेतांत दिसणारी कांदा चाळ पाहा. तळ जमिनीपासून उचललेला, खाली आणि बाजूंना फटी, कांद्याची थप्पी बेताच्या उंचीची. वीज न लावता वारा आरपार फिरतो. पेवात हवा कोंडायची, चाळीत ती खेळती ठेवायची. कारण ज्वारी आणि कांदा यांचे स्वभाव वेगळे. इमारत मालाच्या स्वभावाप्रमाणे बांधायची, हा धडा दोन्हींत एकच.

१५/१५
रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी हा पट्टा पार बदलला आहे. तरी नव्या गोदामापुढचे प्रश्न जुनेच आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तसा भक्कम घातला का? जोते पुराच्या वर आहे का? छपराखालची उष्ण हवा वरून बाहेर पडते का? १,००० चौरस मीटर छपरावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी ५ लाख लिटर होते. ते जमिनीत मुरते, की शेजारच्या शेतात लोटले जाते? आणि आत ठेवलेल्या मालावर हक्क कोणाचा? इनामगावच्या लोकांनी कोठाराबरोबर पाटही बांधला होता. तरीही त्यांना एक दिवस गाव सोडावे लागले. ज्यांच्या छपरावर पाऊस पडतो आणि तसाच वाहून जातो, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी.