दिनविशेष : २७ ऑगस्ट २००१
मुंबईच्या ७ पेशीवंशांची नोंद

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सरकारी अनुदानास पात्र अशा मानवी भ्रूणातील मूलपेशींच्या ६४ वंशांची यादी या दिवशी जाहीर केली. हे वंश असलेल्या जगभरातील १० प्रयोगशाळांमध्ये मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस होती, ७ वंशांसह. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे ३ वंशही यादीत आले.

वंध्यत्वावरील उपचारांतून उरलेला भ्रूण संशोधनासाठी वापरावा का, हा वाद त्यामुळे थेट आपल्या दारात आला. भारताने २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आखली. दांपत्याची संमती हवी, भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायचा नाही. ही मर्यादा रास्तच आहे.

सातारा-सांगलीच्या कुटुंबांपुढे मात्र आज याहून जवळचा धोका आहे, तो ‘स्टेम सेल थेरपी’च्या म्हणजे मूलपेशी-उपचारांच्या जाहिरातींचा. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले तर बाकी सारे प्रयोगाच्याच पायरीवर आहे, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मुलाच्या ऑटिझमसाठी किंवा मणक्याच्या दुखापतीसाठी कोणी लाखांचा आकडा सांगितला, तर जमीन गहाण टाकण्याआधी त्या प्रयोगाचा भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीतील (सीटीआरआय) क्रमांक मागा.