चांदमारीवर आलेली नवी बंदूक : १८५७च्या वसंतातील तीन मैदाने

१/
१८५७च्या उठावाची कथा आपण बहुधा बराकपूरच्या संचलन-मैदानावरून किंवा मीरतेच्या तुरुंगापासून ऐकतो. परंतु ज्या बंदुकीवरून हे सारे पेटले, ती शिपायांच्या हाती प्रथम आली चांदमारीच्या मैदानावर. त्या वर्षाच्या आरंभी अशी तीन मैदाने होती : कलकत्त्याजवळचे दमदम, पंजाबच्या वाटेवरचे अंबाला आणि पंजाबातील सियालकोट. या धाग्यात त्यांची हकीकत सांगतो.

२/
प्रथम बंदुकीविषयी. कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर तोपर्यंत ‘ब्राउन बेस’ ही जुनी ठासणीची बंदूक असे. तिची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी त्या नळीत सैल बसे. बार उडाला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. शंभर यार्डांच्या पलीकडे एका माणसाचा नेम धरणे म्हणजे नशिबाची परीक्षा पाहणे होते. म्हणूनच त्या काळचे सैन्य खांद्याला खांदा लावून उभे राही आणि एकदम बार काढी.

३/
१८५३ची एन्फील्ड रायफल निराळी होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आणि आतून तीन पीळदार खाचा कोरलेल्या. गोळी लांबट. बार उडताच तिचा मागचा भाग फुगून खाचांत रुतत असे आणि ती गरगर फिरत सरळ रेषेत सुटत असे. नळीवर पायऱ्यांची माशी होती. ती शेकडो यार्डांच्या अंतरासाठी वरखाली करता येई. अशी बंदूक नुसती हाती देऊन भागत नव्हते. अंतर डोळ्यांनी कसे अजमावावे, माशी किती उचलावी, चाप कसा ओढावा, हे शिकवावे लागे. यासाठीच इंग्लंडमध्ये १८५३ साली हाइथ येथे नेमबाजीची शाळा निघाली होती, आणि हिंदुस्थानातील तीन केंद्रे त्याच हेतूने उघडण्यात आली.

४/
आता काडतूस. कागदाच्या नळकांडीत एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून कागदासकट गोळी नळीच्या तोंडात बसवायची, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायची. गोळी घट्ट असल्याने ती सहज उतरावी म्हणून तिच्याभोवतीच्या कागदाला वंगण लावलेले असे. म्हणजे काटेकोर बोलायचे तर दात लागत ते दारूच्या टोकाला आणि वंगण असे गोळीच्या टोकाला. पण एका पुडक्यात बांधलेली काडतुसे, उन्हाळ्याची उष्णता आणि तेच हात तोंडाशी नेण्याची कवायत, हे सारे लक्षात घेतले तर या काटेकोरपणाला शिपायाच्या लेखी किंमत नव्हती.

५/
वंगण होते चरबी आणि मेण यांचे. चरबी कोणाची? हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. १८५३मध्ये या काडतुसांचे नमुने हिंदुस्थानात आले, तेव्हाच बंगाल सैन्याचे अ‍ॅडजुटंट जनरल कर्नल टकर यांनी इशारा दिला होता की, वंगणात जातिधर्माला बाधक काही नाही याची खात्री झाल्याखेरीज ती देशी पलटणींना देऊ नयेत. इशारा कागदावर राहिला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधील शस्त्रागारात काडतुसे बनू लागली, तेव्हा ठेकेदार कोणत्या जनावराची चरबी आणतो याची खास दक्षता घेतलीच गेली नाही. अफवेला पाय फुटले ते या बेफिकिरीमुळे.

६/
जानेवारी १८५७, दमदम. दारूगोळ्याच्या कारखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. त्यावर खलाशी म्हणाला, आता कसली जात घेऊन बसलात, लवकरच गाई-डुकरांच्या चरबीची काडतुसे तुम्हाला दातांनी तोडायची आहेत. ही हकीकत तेथील लेफ्टनंट राइट याने २२ जानेवारीला वरिष्ठांना लिहून कळवली. चार दिवस लोटतात न लोटतात तोच, २७ जानेवारीला, सरकारचा हुकूम सुटला : चांदमारी-केंद्रांना बिनवंगणाची काडतुसे द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे.

७/
सरकारच्या दृष्टीने प्रश्न मिटला. शिपायांच्या दृष्टीने तो आता सिद्ध झाला. काही वावगे नव्हते तर हुकूम फिरवला का? ६ फेब्रुवारीला बराकपूरला चौकशी बसली, तेव्हा शिपायांचा संशय वंगणावरून कागदावर सरकला होता. कागद चकाकतो, म्हणून त्यातच चरबी असणार, असे ते सांगत. रासायनिक तपासणीत कागदात चरबी सापडली नाही. पण ज्या हातांनी आधी चूक केली होती, त्याच हातांनी दिलेल्या दाखल्यावर कोण विसंबणार? मार्चच्या आरंभी कवायतच बदलण्यात आली. काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडावे असे ठरले. ही तडजोडसुद्धा कबुलीजबाबासारखीच वाचली गेली.

८/
२६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९व्या पलटणीने काडतुसे घेण्याचे नाकारले. ती नव्या बंदुकीची नव्हतीच. जुन्याच पद्धतीची, बिनगोळीची होती. पण त्यांत दोन प्रकारचे कागद दिसले आणि तेवढे पुरले. २९ मार्चला बराकपूरला ३४व्या पलटणीच्या मंगल पांडेने शस्त्र उचलले. ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. हा भाग सर्वपरिचित आहे. याच दिवसांत अंबाल्याच्या चांदमारीवर जे घडत होते, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

९/
अंबाल्याच्या केंद्राचा प्रमुख होता कॅप्टन मार्टिनो. निरनिराळ्या पलटणींतून थोडे थोडे निवडक लोक त्याच्याकडे शिकायला आलेले. मार्चमध्ये सरसेनापती जनरल अ‍ॅन्सन यांची स्वारी अंबाल्यास आली. त्यांच्या रक्षकदलात ३६व्या पलटणीची तुकडी होती. केंद्रात शिकणारे त्याच पलटणीचे दोन देशी अंमलदार मोठ्या उत्साहाने आपल्या लोकांना भेटायला गेले. तेथील सुभेदाराने त्यांना चारचौघांत ख्रिस्ती म्हणून हिणवले. नवी काडतुसे हाताळली, म्हणजे बाटलात. ते मार्टिनोकडे आले आणि आपली व्यथा त्याच्यापुढे मांडली.

१०/
मार्टिनोने चौकशी केली आणि त्याला प्रश्नाचे खरे स्वरूप दिसले. केंद्रातील लोकांना ठाऊक होते की आपण लावतो ते वंगण तूप आणि मेण यांचे आहे. ते त्यांनी स्वतःच्या हातांनी लावले होते. भीती पुढची होती. रजेवर गावी गेल्यावर पंगतीला कोण बसवील? मुलीचे लग्न कोण जुळवील? बंगाल सैन्यात अवधचे ब्राह्मण आणि राजपूत मोठ्या संख्येने होते. गावातील मानमरातब आणि फौजेतील नोकरी ही त्यांच्या लेखी एकाच नाण्याची दोन अंगे होती. चांदमारीवर खरे काय आहे, हे त्यांच्या भाऊबंदांनी पाहिलेले नव्हते. त्यांनी फक्त ऐकलेले होते.

११/
२३ मार्चला अ‍ॅन्सन यांनी केंद्राची पाहणी केली आणि देशी अंमलदारांना समजावले की सरकारला कोणाचा धर्म बुडवायचा नाही. भाषणानंतर अंमलदारांनी मार्टिनोमार्फत उत्तर पाठवले. त्याचा आशय असा : आमचा साहेबांवर विश्वास आहे, हुकूम झाला तर आम्ही बार काढू; पण या गोष्टीवर विश्वास न ठेवणारा एक असेल तर ठेवणारे दहा हजार आहेत, आणि आम्हाला त्यांच्यात राहायचे आहे. या उत्तरात बंडखोरी नव्हती. शिस्तीत राहून केलेली ती विनवणी होती.

१२/
अ‍ॅन्सन यांनी स्वतः काडतुसे पाहिली आणि त्याच दिवशी गव्हर्नर जनरल कॅनिंग यांना लिहिले की, लोकांच्या हरकतीचे आता आपल्याला तितकेसे आश्चर्य वाटत नाही. वंगण इतके थापलेले असते याची कल्पना नव्हती. गोळीबाराचा धडा तूर्त लांबणीवर टाकावा असे त्यांच्या मनात होते. कॅनिंग यांचे मत उलट पडले. आता माघार घेतली तर शिपायांचा संशय रास्त होता असेच ठरेल, असे त्यांना वाटले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि दोघांनाही उशीर झाला होता. एप्रिलच्या मध्यावर अंबाल्यात गोळीबार सुरू झाला. मार्चअखेरीपासून छावणीत रात्री आगी लागत होत्या. आता त्या वाढल्या. घरे पेटत, पण लावणारा सापडत नसे.

१३/
सियालकोटचे चित्र वरकरणी अगदी वेगळे होते. मे महिन्याच्या आरंभी पंजाबचे मुख्य आयुक्त जॉन लॉरेन्स यांनी ते केंद्र पाहिले आणि कॅनिंग यांना कळवले की शिपाई नव्या बंदुकीवर खूश आहेत, डोंगरी लढाईत तिचा किती उपयोग होईल हे त्यांना आत्ताच उमगले आहे. ही नोंद महत्त्वाची आहे. शिपायाला यंत्राचे वावडे नव्हते. चांगली बंदूक कशी असते हे त्याच्याइतके कोणाला कळणार? आणि तरीही ९ जुलैला सियालकोटची छावणी उठली.

१४/
मीरतेला २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपुढे काडतुसे ठेवण्यात आली. बोटांनी फाडण्याची नवी, सौम्य कवायत दाखवायची म्हणून ते संचलन भरवले होते आणि काडतुसे जुन्याच धाटणीची होती. ८५ जणांनी ती घेतली नाहीत. ९ मे रोजी साऱ्या छावणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या. १० मेला मीरत पेटले, ११ला दिल्ली.

१५/
ही वार्ता मराठी माणसाच्या लेखणीतही उतरली आहे. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि उठावात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये काडतुसांची हकीकत येते, ती वाटेत लोकांच्या तोंडून ऐकलेली म्हणून. चांदमारीचे मैदान त्यांनी पाहिले नव्हते. देशातील बहुतेकांनीही पाहिले नव्हते. अंबाल्याचे अंमलदार ज्यांना भीत होते, ते ‘दहा हजार’ असेच ऐकून जाणत होते.

१६/
पुढे एन्फील्डने आपले काम केले, पण उलट्या दिशेने. मेअखेरीस हिंडन नदीकाठी ६०व्या रायफल्सच्या हाती आणि १२ जुलैला फतेहपूरला हॅवलॉकच्या गोऱ्या पलटणींच्या हाती तीच रायफल होती. समोरच्या शिपायांपैकी बहुतेकांकडे जुनी गुळगुळीत नळीची बंदूक. आपला धर्म राखण्यासाठी जे शस्त्र त्यांनी नाकारले, त्याच्या पल्ल्यात ते उभे होते.

१७/
शेवटची नोंद. उठाव शमल्यावर देशी पलटणींसाठी १८५८च्या नमुन्याची नवी बंदूक काढण्यात आली. बाहेरून ती थेट एन्फील्ड दिसे. आतून मात्र नळी रुंद करून पीळदार खाचा काढून टाकलेल्या होत्या, आणि अंतराची माशीही साधी, न हलणारी. दूरचा नेम धरण्याची विद्या, जी शिकवण्यासाठी तीन मैदाने उघडली होती, ती शिपायाच्या हातून काढून घेण्यात आली. १८५७च्या वसंतात अविश्वास शिपायांच्या मनात होता. १८५८नंतर राज्यकर्त्यांनी आपला अविश्वास बंदुकीच्या नळीतच कोरून ठेवला.

(समाप्त)