हिऱ्याची टंचाई कुठे घडवली गेली? किंबर्लीच्या खाणी, पास आणि कंपाउंड (थ्रेड)

१/ हिऱ्यांच्या बाजारपेठेचा इतिहास समाजमाध्यमांवर बहुधा १९४७ पासून सांगितला जातो. त्या वर्षी एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरातसंस्थेतील फ्रान्सेस गेरेटी यांनी डी बिअर्स कंपनीसाठी हिऱ्याच्या चिरंतनतेचे ते प्रसिद्ध वाक्य लिहिले आणि अंगठीतला खडा प्रेमाचे प्रमाणपत्र ठरला. हे खरेच आहे. परंतु यातून फक्त मागणी कशी निर्माण झाली ते कळते. पुरवठा कसा आवळला गेला, ही कथा त्याहून सुमारे सत्तर वर्षे जुनी आहे. या थ्रेडमध्ये ती पाहू.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हिरे मुख्यत्वे भारतातून मिळत. कृष्णेकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून निघालेला माल गोवळकोंड्याच्या बाजारात येई. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले. दोन्हीकडे हिरे बहुतांशी नद्यांनी वाहून आणलेल्या गाळात आणि वाळूखड्यांत विखुरलेले होते. प्रचंड माती उपसावी तेव्हा थोडे दाणे हाती लागत. त्या काळी हिरा खरोखरच दुर्मीळ होता आणि ती दुर्मीळता निसर्गाने घातलेली होती.

३/ १८६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज नदीच्या परिसरात, होपटाउनजवळ, एका शेतकऱ्याच्या मुलाला सापडलेला चकाकता खडा हिरा असल्याचे सिद्ध झाले. १८६९ मध्ये एका ग्रिक्वा गुराख्याला ८३.५ कॅरेटचा हिरा मिळाला. स्काल्क व्हान निकर्क या बोअर शेतकऱ्याने ५०० मेंढ्या, १० बैल आणि एक घोडा देऊन तो घेतला आणि पुढे हजारो पौंडांना विकला. ‘स्टार ऑफ साउथ आफ्रिका’ या नावाने तो रत्न-इतिहासात प्रसिद्ध आहे. शोधणाऱ्याचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी ‘एक गुराखी’ एवढाच आढळतो.

४/ खरी उलथापालथ १८७१ ची. डी बिअर नावाच्या भावांच्या शेतावर आणि शेजारच्या टेकाडावर हिरे निघू लागले. भावांनी शेत विकून टाकले; नाव तेवढे मागे राहिले. येथील हिरे गाळातले नव्हते. प्राचीन ज्वालामुखीच्या उद्रेकाने भूगर्भातून वर आणलेल्या खडकाच्या उभ्या नळकांड्यात ते होते. वस्तीला १८७३ मध्ये ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांचे नाव मिळाले आणि त्या खडकाला पुढे ‘किंबरलाइट’. जितके खोल जावे तितके हिरे मिळत राहणार होते.

५/ ही भूमी कुणाची? ग्रिक्वा प्रमुख निकोलास वॉटरबूर, ऑरेंज फ्री स्टेट आणि ट्रान्सवाल अशा तिघांनी हक्क सांगितला. नाताळचे गव्हर्नर कीट यांनी लवादात वॉटरबूर यांच्या बाजूने कौल दिला. त्यांनी ब्रिटिशांचे संरक्षण मागितले होतेच. ऑक्टोबर १८७१ मध्ये ब्रिटनने हा सारा प्रदेश ‘ग्रिक्वालँड वेस्ट’ म्हणून ताब्यात घेतला. १८७६ मध्ये फ्री स्टेटला भरपाई म्हणून ९०,००० पौंड देण्यात आले. ग्रिक्वांच्या जमिनी मात्र पुढील काही वर्षांत हातच्या निघून गेल्या.

६/ टेकाडाचे सुमारे ३१ फूट लांबी-रुंदीचे चौकोन पाडण्यात आले. असा एक चौकोन म्हणजे एक ‘क्लेम’. चारशेहून अधिक क्लेम आणि त्यांत खोदणारे हजारो हात, त्यामुळे काही वर्षांतच टेकाडाच्या जागी प्रचंड खड्डा झाला. माती वर ओढणाऱ्या तारांचे जाळे त्यावर पसरले होते. खोदणारे बहुतेक आफ्रिकी होते. पेडी, सोथो, त्सोंगा अशा समाजांतले तरुण शेकडो मैल पायी चालत येत, काही महिने काम करीत आणि मजुरीतून बंदूक विकत घेऊन घरी परतत. वसाहतवाद्यांचा वेढा आवळत असताना बंदुकीचे मोल त्यांना ठाऊक होते.

७/ आरंभी काही कृष्णवर्णीय लोकांकडेही क्लेम होते. गोऱ्या खाणधारकांना ते खुपले. ‘चोरीचे हिरे यांच्यामार्फत विकले जातात’ असा आरोप करीत १८७२ मध्ये त्यांनी दंगली केल्या. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने प्रत्येक ‘नोकरा’ला पास बाळगणे सक्तीचे झाले आणि वॉरंटाविना झडती घेण्याची मुभा मिळाली. पास नसल्यास दंड, कैद वा फटके. कायद्याच्या भाषेत वर्णाचा उल्लेख नसला, तरी अंमलबजावणीत ‘नोकर’ म्हणजे कोण, हे सर्वांना समजत होते.

८/ आता बाजाराकडे वळू. हिरे इतके निघू लागले की भाव कोसळण्याची भीती निर्माण झाली. १८७३ नंतरच्या जागतिक मंदीने ती खरी ठरवली. शेकडो मालक एकाच खड्ड्यात शेजारी-शेजारी खोदत असताना उत्पादनावर लगाम घालणार कोण? शिवाय खड्डा खोल गेला तशा कडा ढासळू लागल्या आणि पाणी साचू लागले. यंत्रांना भांडवल हवे होते. १८७६ मध्ये क्लेम बाळगण्यावरील मर्यादा उठली, लहान मालक विकून निघून गेले आणि कंपन्या आल्या. पाणी उपसण्याची कंत्राटे घेणारा सेसिल ऱ्होड्स हा तरुण त्यांतूनच वर आला. १८८० मध्ये त्याने भागीदारांसह डी बिअर्स मायनिंग कंपनी स्थापन केली.

९/ पुरवठा ताब्यात ठेवण्यात एक अडचण होती. हिरा लहान असतो. तो मुठीत, केसांत, पोटात लपतो. खाणीबाहेर पडलेला प्रत्येक खडा कंपनीच्या भावाखाली विकला जाणार हे उघड होते. म्हणून १८८२ मध्ये केप वसाहतीने कठोर कायदा केला. परवान्याविना कच्चा हिरा बाळगणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शके. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच होता. ब्रिटिश न्यायपरंपरेचे एक मूलतत्त्व एका खड्यासाठी उलटे फिरवले गेले.

१०/ झडतीचे नियम १८८३ मध्ये गोऱ्या कामगारांनाही लागू झाले. त्यांनी संप केला. १८८४ च्या दुसऱ्या संपात गोळीबार होऊन काही गोरे संपकरी मारले गेले. त्यानंतर मात्र त्यांच्यावरील नग्नझडतीची सक्ती मागे पडली. आफ्रिकी मजुरांच्या वाट्याला याच्या नेमके उलट आले. १८८५ पासून कंपन्यांनी त्यांच्यासाठी बंदिस्त ‘कंपाउंड’ उभारायला सुरुवात केली. डी बिअर्सने १८८६ मध्ये. त्याआधी १८८४ पासून ही कंपनी तुरुंगातील कैदीही कामाला लावत होती.

११/ कंपाउंड म्हणजे उंच भिंतींचे आवार. हिरे बाहेर फेकता येऊ नयेत म्हणून वर तारेची जाळी. कराराची मुदत संपेपर्यंत मजुराने खाण आणि आवार यांपलीकडे जायचे नाही. सामान कंपनीच्याच दुकानातून घ्यायचे. आपले गिऱ्हाईक गेले म्हणून शहरातील दुकानदारांनी याविरुद्ध ओरड केली. करार संपल्यावरही सुटका तत्काळ नसे. मजुराला काही दिवस विवस्त्र कोंडून, हातांवर बोटे नसलेले कातडी मोजे चढवून, रेचक देऊन ठेवले जाई. गिळलेला हिरा निघतो का, हे पाहण्यासाठी.

१२/ याच काळात खाणींचे एकत्रीकरण चालू होते. ऱ्होड्सच्या पाठीशी रॉथशिल्ड बँकेचा पैसा होता. समोर किंबर्ली सेंट्रल कंपनीचा बार्नी बार्नाटो. मार्च १८८८ मध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स स्थापन झाली. सेंट्रलच्या काही भागधारकांनी न्यायालयात अडवणूक केली, तेव्हा ती कंपनीच विसर्जित करून १८८९ मध्ये तिची मालमत्ता ५३,३८,६५० पौंडांच्या एका धनादेशाने विकत घेण्यात आली. हा धनादेश पाठ्यपुस्तकांत आढळतो. जुलै १८८८ मध्ये डी बिअर्स खाणीत लागलेल्या आगीत दोनशेहून अधिक कामगार दगावले आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकी होते, हे क्वचितच आढळते.

१३/ एकाधिकार येताच काही खाणींचे काम थांबवले गेले, उत्पादन घटवले, मजूर कमी केले आणि भाव वधारला. विक्री लंडनमधील व्यापाऱ्यांच्या एका संघामार्फत होऊ लागली. १८९० च्या दशकात जगातील सुमारे ९० टक्के हिरे डी बिअर्सकडून येत. टंचाई अशी हिशेबाने ठरू लागली. पण हा हिशेब टिकायचा, तर एकही खडा नोंदीबाहेर जाता कामा नये. म्हणजे लंडनमधला भाव आणि किंबर्लीतली तारेची जाळी ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. जाहिरात त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

१४/ ही पद्धत पसरत गेली. १९०८ मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत (आजचा नामिबिया) झकारियास लेवाला या रेल्वे कामगाराला वाळूत हिरा सापडला. त्याने तो आपला अधिकारी ऑगस्ट श्टाउख याला दिला. श्टाउख धनाढ्य झाला. लवकरच तो सारा किनारपट्टा ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरला. १९२९ मध्ये अर्नेस्ट ओपनहायमर डी बिअर्सचे अध्यक्ष झाले. पुढे उभ्या राहिलेल्या केंद्रीय विक्रीव्यवस्थेत निवडक व्यापाऱ्यांना वर्षातून दहा वेळा लंडनला बोलावून कच्च्या मालाची तयार पेटी दाखवली जाई. भावात घासाघीस नाही. पेटी घ्यायची किंवा सोडायची.

१५/ १९९० च्या दशकात अंगोलातील युनिटा आणि सिएरा लिओनमधील आरयूएफ या बंडखोर गटांनी हिरे विकून शस्त्रे घेतली. ‘रक्तरंजित हिरे’ हा शब्द जगभर गेला. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ आणि २००० मध्ये निर्बंध लादले. मे २००० मध्ये हिरेउत्पादक आफ्रिकी देशांची बैठक झाली, तीही किंबर्लीतच. त्यातून आकारलेली ‘किंबर्ली प्रक्रिया’ ही प्रमाणपत्र योजना १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. त्याच सुमारास, २००० मध्ये, डी बिअर्सने जगाचा पुरवठा एकहाती आवरण्याचे धोरण सोडले.

१६/ या योजनेतील व्याख्या नीट वाचावी. वैध सरकारविरुद्धच्या संघर्षासाठी बंडखोर गट वापरतात, तोच ‘संघर्षातील हिरा’. सरकारने स्वतः हिंसा केली तर? २००८ मध्ये झिंबाब्वेच्या मारांगे हिरेक्षेत्रावर तेथील लष्कराने कारवाई केली. हाताने खोदणारी अनेक माणसे मारली गेली. व्याख्येत हे बसत नव्हते. २०११ मध्ये मारांगेच्या हिऱ्यांना निर्यातीची वाट मोकळी झाली आणि ही योजना घडवण्यात पुढाकार घेणारी ग्लोबल विटनेस ही संस्था त्याच वर्षी तिच्यातून बाहेर पडली.

१७/ १८८२ चा कायदा आणि २००३ ची व्याख्या यांचे हेतू भिन्न आहेत; दुसरीमुळे युद्धांचा पैसा आटण्यास मदत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही दोन्हींत एक साम्य उरते. दोन्हींत कागदाविना खडा बाळगणारा हात संशयित असतो. कागद देणाऱ्या सत्तेने तो खडा कसा काढला, हा प्रश्न चौकटीबाहेर राहतो.

१८/ हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना आज सुरतेत पैलू पडतात आणि त्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. किंबर्ली प्रक्रियेचे अध्यक्षपद भारताने २००८ आणि २०१९ मध्ये भूषवले. व्याख्या रुंद करायची की नाही, या वादात भारताच्या मताला वजन आहे.

१९/ किंबर्लीचा तो खड्डा १९१४ मध्ये बंद झाला. त्यातून सुमारे २.२५ कोटी टन माती-खडक उपसून २,७२० किलो हिरे निघाले, असे सांगितले जाते. आज ते पर्यटनस्थळ आहे आणि हे आकडे तेथे कौतुकाने सांगितले जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या शेजारी आणखी दोन नोंदी ठेवाव्यात: १८७२ चा पास आणि १८८५ चे कंपाउंड. पुढे वर्णद्वेषी राजवटीने देशभर वापरलेल्या पास-व्यवस्थेची आणि खाणमजुरांच्या बंदिस्त वसाहतींची घडण समजून घ्यायची, तर किंबर्ली वगळून चालत नाही.

(समाप्त. प्रश्न आणि मतभेद खाली अवश्य मांडा. कोल्लूर-गोवळकोंड्याच्या खाणींवर स्वतंत्र थ्रेड लवकरच.)