टायफ्रॅकचे प्रोग्रॅमर

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली एक अवाढव्य यंत्र कामाला लागलं. हजारो व्हॅक्यूम ट्यूबांच्या या देशी संगणकाचं ‘टायफ्रॅक’ असं बारसं 1962 मध्ये खुद्द पंडित नेहरूंनी केलं. आर. नरसिंहन यांच्या चमूनं तो इथेच घडवला होता. आज्ञा द्यायच्या त्या थेट यंत्राच्या भाषेत, कागदी पट्टीवर भोकं पाडून. एक भोक चुकलं की बसा शोधत! आजच्या डीबगरच्या जागी तेव्हा माणसाचे डोळे होते.

1964 मध्ये संस्थेत अमेरिकन संगणक सीडीसी 3600 आला आणि त्याच्यासोबत फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आता सूत्रं जवळपास गणितासारखी लिहिता येऊ लागली; देशभरचे संशोधक या यंत्राकडे धाव घेऊ लागले.

बाहेर मात्र वारं उलटं होतं. आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कर्मचारी संघटना रस्त्यावर उतरल्या. नोकऱ्या जाण्याची ही भीती काही अडाणी नव्हती: हिशेबाच्या कारकुनीवरच असंख्य मध्यमवर्गीय घरांची चूल पेटत होती. अखेर स्वयंचलनावर सरकारला समिती नेमावी लागली. अध्यक्षपद आलं पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे, आणि अहवाल आला 1972 मध्ये.