जुनी सायकल ऑनलाइन लिलावात घेताना

पुण्याची 'सायकलींचे शहर' ही ओळख स्वयंचलित दुचाकींच्या गर्दीत मागे पडली असली, तरी कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत सायकलीची उपयुक्तता कमी झालेली नाही. फडके हौद, तांबट आळी, कुंभारवाडा या परिसरातील अरुंद बोळांतून वाट काढण्यास आणि वाड्याच्या दारातून आत नेऊन ठेवण्यास सायकलीइतके सोयीचे वाहन नाही. २०२०च्या टाळेबंदीनंतर सायकलींची मागणी एकाएकी वाढली आणि त्या उत्साहात घेतलेल्या अनेक गिअरच्या सायकली पुढे गॅलरीत धूळ खात पडल्या. अशा सायकली आज संकेतस्थळांवर विक्रीस येतात. कधी ठरलेल्या किमतीला, तर कधी येणाऱ्या बोलीवर. त्यांत किफायतशीर सौदा होऊ शकतो. मात्र तो बोलीच्या आकड्यावरून ठरत नाही. सायकल रस्त्यावर धावू लागेपर्यंत एकूण खर्च किती झाला, यावरून ठरतो.

भारतात ऑनलाइन लिलावाची ओळख 'बाझी डॉट कॉम'ने करून दिली. २००० साली सुरू झालेली ही कंपनी 'ईबे'ने २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतली. २०१७ मध्ये 'ईबे'चा भारतीय व्यवसाय 'फ्लिपकार्ट'कडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते भारतीय संकेतस्थळ बंद झाले. 'ओएलएक्स'सारखी स्थळे ही खऱ्या अर्थाने लिलावाची नव्हेत, तर जाहिरातींची. परंतु चार इच्छुक एकाच सायकलीसाठी एकमेकांवर चढाओढीने भाव सांगू लागले, की लिलावच सुरू होतो. फक्त हातोडा विक्रेत्याच्या हाती असतो आणि समोरच्या बोली खऱ्या की खोट्या, हे आपल्याला दिसत नाही. 'कालच एकाने हजार रुपये जास्त सांगितले आहेत' हे वाक्य त्यामुळे मनावर घेऊ नये.

लिलावाच्या पद्धतीचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने केला आहे. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये 'द्वितीय किमतीच्या लिलावा'चे विवेचन केले. त्यात सर्वांत मोठी बोली जिंकते, पण विजेत्याला किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच मोजावी लागते. विक्री यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. 'ईबे'ची स्वयंचलित बोली याच तत्त्वाच्या जवळची आहे. आपण कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवायची आणि प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम यंत्रणेने वाढवायची. अखेरच्या क्षणी बोली लावण्याची युक्तीही येथलीच. ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ऑकेनफेल्स यांच्या २००२च्या अभ्यासात असे दिसले, की 'ईबे'प्रमाणे ठरल्या वेळी बंद होणाऱ्या लिलावांत ती अधिक वापरली जाते. उशिरा बोली आल्यास मुदत वाढवणाऱ्या 'ॲमेझॉन'च्या तेव्हाच्या लिलावांत कमी. मुदत वाढणाऱ्या लिलावात जागरण करून उपयोग नाही.

यापेक्षा महत्त्वाचा धोका वेगळाच आहे. एकाच सायकलीची किंमत दहा जण अंदाजाने ठरवतात, तेव्हा जिंकतो तो बहुधा सर्वांत चढा अंदाज बांधणारा. केवळ छायाचित्र पाहून बोली लागत असेल, तर अंदाज आणखी चुकतो. त्यावर उपाय म्हणजे आकडेमोड उलट्या क्रमाने करणे. समजा, चांगल्या स्थितीतील तशीच जुनी सायकल आपल्या भागात ७,००० रुपयांना मिळते. टायर, ट्यूब, ब्रेक-शू आणि संपूर्ण दुरुस्ती (दुकानातल्या भाषेत 'ओव्हरऑइलिंग') यांना १,८०० रुपये व आणण्यास ५०० रुपये लागणार असतील, तर आपली कमाल बोली ४,७०० रुपये. हा आकडा लिलाव सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहावा आणि नंतर बदलू नये.

'आपल्या भागातील भाव' कळण्याची सोय कसब्यातील रहिवाशांना घराजवळच आहे. शेजारच्या मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी व रविवारी भरण्याची परंपरा आहे. तेथे चार चकरा मारून सुट्या भागांचे आणि तयार सायकलींचे भाव विचारले, की संगणकाच्या पडद्यावरील आकड्यांची भीड वाटेनाशी होते. पेठेतील ओळखीच्या सायकल दुरुस्तीवाल्याला जाहिरातीतील छायाचित्र दाखवण्यात संकोच नसावा. जो भाग त्याला मिळवता येणार नाही, त्या भागाची सायकल घेऊ नये. परगावच्या सायकलीवर बोली लावण्याचे टाळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुटी करून, खोक्यात भरून मागवण्याचा खर्च स्वस्ताई गिळून टाकतो आणि तपासणीची संधीही जाते.

तपासणी दिवसाउजेडी करावी. पुढच्या चिमट्याजवळ, हँडलखालच्या नळीच्या मागील बाजूस रंगाला सुरकुती वा तडा असेल, तर सायकल समोरून धडकलेली आहे असे समजावे. ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. चाक उचलून फिरवले असता ते डावीउजवीकडे लचकत असेल, तर 'आऊट' काढावा लागेल. हा खर्च किरकोळ आहे. पेडलचा दांडा धरून आडवा हलवला असता खुळखुळला, तर आतील छर्रे वा ॲक्सल तपासावा. साखळी फूटपट्टीने मोजता येते. तिचे बारा पूर्ण जोड नवे असताना बरोबर १२ इंच भरतात. अष्टमांश इंच जास्त भरले, तर साखळी बदलावी लागेल आणि बहुधा मागची दातेरी चाकेही.

जुन्या 'इंग्लिश' सायकलींच्या बाबतीत हौसेला मोल नसल्याने फसवणुकीलाही वाव अधिक. 'रॅले' हे नाव पाहून सायकल नॉटिंगहॅमची मानू नये; आसनसोलच्या 'सेन-रॅले' कारखान्यात याच नावाच्या सायकली भारतात बनत असत. मागच्या चाकाला 'स्टर्मी-आर्चर'चा तीन गिअरचा हब असल्यास त्याच्या कवचावरील दोन अंक पाहावेत. '५४' म्हणजे बहुधा १९५४. अर्थात हब बदललेला असू शकतो, म्हणून तो एकमेव पुरावा नव्हे. कर्वेनगर येथील विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात मूळ सायकली बारकाईने पाहून आल्यास नजर तयार होते.

सायकल चोरीची असण्याची शक्यता हा या व्यवहारातील सर्वांत गंभीर भाग आहे. सायकलीला मोटारीसारखे नोंदणीपुस्तक नसते. पेडलच्या दांड्याजवळ, फ्रेमच्या खालच्या बाजूस कोरलेला क्रमांक हीच तिची ओळख. तो घासून काढलेला असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. वस्तुविक्री अधिनियम, १९३०च्या सर्वसाधारण तत्त्वानुसार विक्रेत्याकडे जितका हक्क आहे, त्याहून चांगला हक्क खरेदीदाराला मिळत नाही. म्हणजे मूळ मालकाने ओळख पटवली, तर सायकलही जाईल आणि पैसेही. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असून तो घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार तो गुन्हाही ठरतो. अतिशय कमी किंमत हे असे एक कारण होऊ शकते.

आगाऊ रक्कम मागणारा विक्रेता 'मी लष्करात आहे, बदली झाली, सायकल वाहनाने पाठवतो' असे सांगू लागल्यास सावध व्हावे. हा ठगांचा जुनाच बहाणा आहे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, हे सायकल विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

बेवारस वा निकामी वाहनांचे सरकारी लिलावही होतात आणि त्यांतील काही आता 'एमएसटीसी'सारख्या सरकारी संकेतस्थळांवरून होतात. परंतु तेथे माल बहुधा एकत्रित गटाने, अनामत रक्कम घेऊन आणि 'जसा आहे, जेथे आहे' या अटीवर विकला जातो. भंगार व्यापाऱ्यांसाठी ते ठीक. एका सायकलीसाठी त्या वाटेस जाण्यात अर्थ नाही.

व्यवहार ठरल्यावर विक्रेत्याकडून साधी पावती अवश्य घ्यावी. तीत दोघांची नावे व पत्ते, तारीख, रक्कम, सायकलीची कंपनी, रंग आणि फ्रेमचा क्रमांक असावा. विक्रेत्याकडे मूळ खरेदीचे बिल असल्यास ते मागून घ्यावे आणि फ्रेमवरील क्रमांकाचे छायाचित्र पैसे देण्यापूर्वी, त्याच्या समोरच काढावे.